जहाजे आहेत, खलाशी नाहीत : छोट्या देशांच्या सेनादलांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात न्यूझीलंडच्या सेनादलातील मनुष्यबळाच्या तुटवड्यावर एक छोटे टिपण छापले होते. नऊ जहाजांच्या त्या नौदलाला २०२२ च्या अखेरीस तीन जहाजे माणसांअभावी धक्क्याला बांधून ठेवावी लागली, एवढाच त्याचा मुख्य मुद्दा होता. त्यावर मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून पत्रे आली. बरीचशी माजी सैनिकांची आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांची होती. ज्या भागात पहाटे चार-साडेचारला बायपासच्या कडेने धावणाऱ्या मुलांचे घोळके दिसतात, त्या भागातल्या वाचकाला ‘सैन्याला माणसे मिळत नाहीत’ हे वाक्य सहजासहजी पटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : न्यूझीलंड हा संपन्न देश आहे. पैसा आहे, जहाजे आहेत, सीमेला लागून शत्रू नाही. तरीही जहाज चालवायला माणसे मिळत नाहीत, हे कसे? आमच्याकडे एका जागेसाठी शेकडो मुले उभी असतात. — एक प्राध्यापिका, अंबाजोगाई

उत्तर : आपल्याकडे जी रांग दिसते ती भरतीच्या मैदानाबाहेरची असते. न्यूझीलंडमध्ये सर्वांत जड गेलेल्या जागा त्या मैदानापासून पुष्कळ आत, दहा-बारा वर्षे नोकरी झालेल्या अनुभवी माणसांच्या मधल्या फळीत होत्या, आणि त्या नव्या भरतीने भरून निघत नाहीत.

आधी आकार लक्षात घ्यावा. न्यूझीलंडची लोकसंख्या ५३ लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेतील नांदेड आणि जालना या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळवली, तर जवळपास तेवढीच भरते. पायदळ, नौदल आणि वायुदल मिळून त्या देशाचे पूर्णवेळ गणवेशधारी मनुष्यबळ साधारण नऊ हजारांच्या घरात असते. एवढ्या माणसांवर जबाबदारी मात्र अफाट आहे. त्यांचे आर्थिक सागरी क्षेत्र (ज्या समुद्रपट्ट्यातील मासे व खनिजांवर त्याच देशाचा हक्क असतो ते) सुमारे ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षा मोठे आहे, आणि शोध व बचावासाठी त्यांच्याकडे सोपवलेला टापू जवळपास ३ कोटी चौरस किलोमीटरचा असून तो थेट अंटार्क्टिकापर्यंत जातो.

आता हे नऊ हजार लोक कामांच्या प्रकारांनुसार वाटून पाहावेत. इंजिनरूमचे तंत्रज्ञ, विजेचे तंत्रज्ञ, रडार चालवणारे, शस्त्रास्त्रांची देखभाल करणारे, पाणबुडे, हेलिकॉप्टरचे मेकॅनिक, दळणवळण सांभाळणारे, वैद्यकीय कर्मचारी, स्वयंपाकी अशी असंख्य कामे आहेत आणि त्यातल्या कित्येक कामांना सगळ्या देशात मिळून काही डझन माणसेच असतात. समजा, विशिष्ट प्रकारचे इंजिन सांभाळण्याची पात्रता असलेले तंत्रज्ञ नौदलात तीस आहेत. त्यातील काही किनाऱ्यावर नव्या मुलांना शिकवत असतात, काही नुकतेच सफरीवरून परतून रजेवर असतात, काही बढती मिळून कार्यालयात गेलेले असतात. समुद्रावर जायला उरतात दहा-बारा. त्यांतील पाच जणांनी एका वर्षात राजीनामे दिले, तर बाकी सगळी मंडळी हजर असूनही जहाज बंदर सोडू शकत नाही. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह सज्ज असते, परिचारिका असतात, औषधे असतात, परंतु भूलतज्ज्ञ नसल्यामुळे अडलेल्या बाळंतिणीला जिल्ह्याच्या गावी पाठवावे लागते. तुटवड्याचे स्वरूप तसेच होते. मोठ्या देशात अशा वेळी दुसऱ्या तळावरून माणूस आणता येतो. छोट्या देशाजवळ दुसरा तळच नसतो.

माणसे गेली ती अनेक कारणे एकत्र आल्यामुळे. २०२२ मध्ये न्यूझीलंडमधील बेरोजगारी साडेतीन टक्क्यांच्याही खाली होती, त्यामुळे कुशल मेकॅनिकला बाहेर हवी तशी नोकरी मिळत होती. समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात जायला त्यांना कामाचा वेगळा परवाना काढण्याचा खटाटोप करावा लागत नाही आणि तिथे पगार जास्त आहेत. त्यातच कोविडची दोन वर्षे सैनिकांनी भलत्याच कामात घालवली होती, त्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे. वर्षाला पंधरा-सोळा टक्के लोक नोकरी सोडू लागले, म्हणजे सहा-सात जणांमागे एक. पाळत ठेवणारी जुनी ‘ओरायन’ विमानेही जानेवारी २०२३ मध्ये ठरल्या वेळेच्या काही महिने आधीच निवृत्त करण्यात आली. जुनी विमाने चालवत ठेवून त्याच वेळी नव्या ‘पोसायडन’ विमानांसाठी माणसे तयार करणे त्या मनुष्यबळात शक्य नव्हते.

बांधून ठेवलेल्या जहाजालाही माणसे लागतातच, हे सहसा ध्यानात येत नाही. ठरावीक दिवसांनी इंजिन फिरवून घ्यावे लागते, वंगण तपासावे लागते, आगीचे पंप चालू करून पाहावे लागतात, तळाशी साचलेले पाणी उपसावे लागते, भरती-ओहोटीप्रमाणे दोरखंड सैल किंवा ताठ करावे लागतात, आणि आतली दमट हवा काढली नाही तर विजेच्या जोडण्यांवर गंज चढतो. याहून गंभीर नुकसान माणसांचे होते. नव्या तंत्रज्ञाला पुढची पात्रता मिळवण्यासाठी समुद्रावर ठरावीक काळ काढावा लागतो. जहाजच हलत नसेल तर तो काळ भरत नाही, तो भरला नाही तर बढती नाही, आणि बढती नाही म्हणून तो तरुणही नोकरी सोडतो. तुटवडा असा स्वतःच आणखी तुटवडा निर्माण करतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत काळजी करण्यासारखी गोष्ट हीच आहे.

प्रश्न : बातम्यांत ‘सज्जता’ हा शब्द वारंवार येतो. ती मोजतात कशी? शंभरपैकी गुण असतात का? — पदवीची एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : गुणांपेक्षा दिवसांचा हिशेब अधिक महत्त्वाचा असतो. प्रत्येक तुकडीची किंवा जहाजाची शांततेच्या काळातील एक नेमून दिलेली पातळी असते, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर निघण्यासाठी लागणारी त्याहून वरची दुसरी पातळी असते. पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जायला किती दिवस दिलेले आहेत आणि खरोखर किती दिवस लागतील, यांतील अंतर म्हणजे सज्जतेची खरी स्थिती. हे ठरवताना माणसे, साहित्य, प्रशिक्षण आणि पुरवठा अशा चार बाजू पाहतात. त्यांची सरासरी काढून चालत नाही. तीन बाजू उत्तम असल्या तरी चौथी जिथे असेल तिथेच सगळी तुकडी असते.

यातील सर्वांत फसवी बाजू प्रशिक्षणाची. जागा भरलेली आहे की नाही हे हजेरीपटावरून कळते, परंतु त्या जागेवरच्या माणसाने ते काम किती वेळा, किती निरनिराळ्या परिस्थितीत केले आहे, हे हजेरीपट सांगत नाही. न्यूझीलंडच्या ‘मानावानुई’ या जहाजाचे उदाहरण आपण अभ्यासावे. २०१९ मध्ये नौदलात दाखल झालेले हे सर्वेक्षणाचे आणि पाण्यात बुडी मारून काम करणाऱ्यांना नेणारे जहाज ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पॅसिफिक महासागरातील सामोआ या देशाच्या उपोलू बेटाजवळ प्रवाळ खडकांवर चढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. जहाजावरचे ७५ जण सुखरूप बाहेर पडले. चौकशीत असे आढळले की जहाज स्वयंचलित सुकाणूवर चालू होते, ते सुकाणू बंद केलेले नव्हते, आणि जहाज वळत नाही म्हणून यंत्रणेतच बिघाड झाला असावा असा समज नियंत्रण करणाऱ्यांनी करून घेतला. अंतिम अहवालाने त्याच्या मुळाशी असलेल्या प्रशिक्षणातील व अनुभवातील उणिवाही नोंदवल्या. अनुभवी माणसांच्या गळतीमुळेच हा अपघात झाला, असे सरळ विधान मी करणार नाही. एवढे मात्र खरे की अशा वेळी ‘आधी सुकाणू तपासा’ असे सांगणारा, आयुष्याची पंधरा वर्षे समुद्रावर काढलेला माणूस शेजारी उभा असणे, यालाच सज्जता म्हणतात. न्यूझीलंडने हा अहवाल जनतेसमोर ठेवला, त्याबद्दल त्या देशाविषयी आदर वाटतो.

प्रश्न : मी अठ्ठावीस वर्षे पायदळात होतो. आमच्या वेळी माणूस पगाराकडे पाहून थांबत नसे, पलटणीकडे पाहून थांबत असे. पगार वाढवून निष्ठा विकत घेता येते का? — एक निवृत्त सुभेदार, उदगीर

उत्तर : सुभेदारसाहेब, आपल्या प्रश्नामागचा अभिमान समजतो आणि तो योग्यच आहे. पलटणीची ओढ पगाराने निर्माण होत नाही. परंतु पगार अपुरा असला की ती ओढ असलेल्या माणसालाही घरच्यांसाठी निघून जावे लागते, आणि न्यूझीलंडमध्ये नेमके हेच घडले.

त्या देशात कोविडनंतर सरकारी पगारवाढीवर बरेच निर्बंध होते. सैनिकाला संप करता येत नाही, त्यामुळे त्याचा पगार बाजारभावाच्या मागे मागे पडत गेला. नौदलाचा मुख्य तळ ऑकलंड शहरातील डेव्हनपोर्ट येथे आहे आणि ऑकलंड हे त्या देशातील अत्यंत महाग शहरांपैकी एक. एका पगारात घरभाडे, मुलांची शाळा आणि गाडीचा खर्च भागवताना तिथल्या कुटुंबांची ओढाताण होत होती. सैन्याच्या मालकीची घरे पुष्कळशी जुनी, हिवाळ्यात ओल धरणारी होती. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी एका गावी आणि बदली दुसऱ्या गावी, ही अडचण तर आपल्या छावण्यांतील कुटुंबांनाही नवी नाही.

मे २०२३ मध्ये तिथल्या सरकारने चार वर्षांसाठी ४१ कोटी ९० लाख न्यूझीलंड डॉलर केवळ पगारवाढीकरिता मंजूर केले. १ जुलै २०२३ पासून बहुतेकांच्या वार्षिक पगारात ४ हजार ते १५ हजार डॉलरची वाढ झाली. पुढच्या दोनेक वर्षांत गळती लक्षणीय उतरली. मात्र याचे सगळे श्रेय पगारवाढीला देणे बरोबर होणार नाही, कारण त्याच काळात देशाची अर्थव्यवस्था मंदावली, २०२४ च्या अखेरीस बेरोजगारी पाच टक्क्यांच्या वर गेली आणि बाहेरच्या नोकऱ्या पूर्वीइतक्या सहज मिळेनाशा झाल्या. खंत आहे ती वेळेची. हीच रक्कम दोन वर्षे आधी मिळाली असती तर कित्येक अनुभवी माणसे गेलीच नसती. २०२३ मध्ये निघून गेलेल्या बारा वर्षांच्या अनुभवी तंत्रज्ञाची जागा घेणारा माणूस त्याच वर्षी भरती केला, तरी तो त्या तोडीचा व्हायला २०३५ उजाडेल. पैसा मागाहून देता येतो, गेलेली वर्षे देता येत नाहीत.

आयर्लंडची कथा याहून कठीण आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तेथे सैन्याच्या खर्चाला कात्री लागली, २०१२ मध्ये पायदळाच्या तीन ब्रिगेडच्या दोन करण्यात आल्या, आणि १ जानेवारी २०१३ नंतर भरती झालेल्यांना जुन्यांपेक्षा कमी लाभाची निवृत्तिवेतन योजना लागू झाली. एकाच खोलीत राहणारे, एकच काम करणारे दोन जवान, पण एकाचे पेन्शन वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे, अशी स्थिती निर्माण झाली. पलटणीच्या एकोप्याला याने किती तडा जातो, हे आपल्याला सांगायला नको. तेथील मंजूर संख्या ९,५०० असताना प्रत्यक्ष बळ आठ हजारांच्या खाली घसरले. २०१९ मध्ये खलाशांअभावी दोन जहाजे उभी राहिली, २०२२ च्या जुलैत तीन जुनी जहाजे एकदम सेवेतून काढण्यात आली, २०२३ च्या प्रारंभी आणखी दोन जहाजे राखीव ठेवावी लागली. त्याच वर्षी आयर्लंडने दोन लहान गस्ती नौका विकत घेऊन आणल्या त्या न्यूझीलंडकडून, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. २०२४ मध्ये तर सीरिया व इस्रायल यांच्यामधील गोलन टेकड्यांवरील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतून आयरिश तुकडी माघारी घ्यावी लागली, कारण लेबनॉनमधील तुकडी आणि युरोपातील बांधिलकी सांभाळून तिसरीकडे पुरतील एवढी माणसेच नव्हती. शांतिसेनेचे काम हा त्या देशाचा १९५८ पासूनचा अभिमान आहे. त्या सरकारने २०२२ मध्ये वार्षिक संरक्षण खर्च ११० कोटी युरोवरून २०२८ पर्यंत १५० कोटी युरोवर नेण्याचे आणि संख्या ११,५०० पर्यंत वाढवण्याचे ठरवले आहे. पैशाची तरतूद होत आहे, तरी माणसांचा आकडा अजून संथच हलतो आहे.

आपल्याकडे सातव्या वेतन आयोगानंतर जवान व जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार अशा कनिष्ठ अधिकाऱ्यांना) दरमहा ५,२०० रुपये आणि अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये ‘सैनिकी सेवा वेतन’ म्हणून वेगळे मिळतात. सैनिकाच्या आयुष्यातील गैरसोय, धोका आणि घरापासूनचा दुरावा यांची किंमत कोणत्याच रकमेत होत नाही. तरीही ती रक्कम पगाराच्या पावतीवर वेगळ्या ओळीत लिहिलेली असणे मला महत्त्वाचे वाटते, कारण हे काम इतर सरकारी नोकऱ्यांसारखे नाही हे सरकारने त्या एका ओळीत मान्य केलेले असते.

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपात जवान आले नसते तर आमचे काय झाले असते, कल्पना करवत नाही. मग न्यूझीलंडच्या सैनिकांना कोविडमध्ये लोकांची सेवा करावी लागली म्हणून ते नोकऱ्या सोडून गेले, हे वाचून वाईट वाटले. संकटात लोकांच्या मदतीला जाणे हे सैनिकाचे काम नाही का? — एक शिक्षक, औसा

उत्तर : निश्चितच आहे, आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी ते कधी नाकारले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखालून माणसे आणि मृतदेह बाहेर काढण्याचे काम जवानांनी पावसात, दुर्गंधीत, हातांनी केले. ज्यांनी ते पाहिले ते आजही त्यांच्याविषयी बोलताना गहिवरतात. न्यूझीलंडमध्येही फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळाने हॉक्स बे भागात पूर आला, तेव्हा सैन्याच्या हेलिकॉप्टरांनी घरांच्या छपरांवर अडकलेल्या कुटुंबांना उचलून आणले. गळती ऐन भरात असताना केलेले हे काम आहे.

कोविडमधील काम निराळ्या जातीचे होते. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक नागरिकाला हॉटेलात विलग ठेवायचे, असा त्या देशाचा नियम होता. त्यासाठी एका वेळी ३२ हॉटेले घेतलेली होती आणि २०२० ते २०२२ या काळात दोन लाखांहून अधिक प्रवासी त्यांतून गेले. दारावर पहारा, जिन्यावर पहारा, कोण कधी खोलीबाहेर आले याची नोंद, या कामावर हजारो सैनिक आळीपाळीने पाठवण्यात आले. रणगाडाविरोधी शस्त्र चालवायला शिकलेला जवान महिनोन् महिने हॉटेलच्या व्हरांड्यात उभा होता आणि त्याचे नेमबाजीचे, रात्रीच्या हालचालींचे, मोठ्या तुकडीच्या सरावाचे वेळापत्रक बाजूला पडले होते. किल्लारीत जवान आले, काम केले आणि परत आपल्या सरावाला गेले. हॉटेलांवरचे काम दोन वर्षे चालले, आणि ते नागरी यंत्रणेने माणसे नेमून करण्यासारखे होते. लोकांची सेवा केल्यामुळे नव्हे, तर ज्या कामासाठी आपण सैन्यात आलो ते कामच विसरत चाललो आहोत, या जाणिवेने त्यांतील अनेकांनी राजीनामे दिले. सरकारला हाताशी असलेले शिस्तबद्ध मनुष्यबळ वापरण्याचा मोह होतो, आणि त्याचा खर्च त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. तो दोन-तीन वर्षांनी धक्क्याला बांधलेल्या जहाजांच्या रूपाने दिसतो.

प्रश्न : मी दोन वेळा भरतीला उतरलो, धावण्यात पास झालो, पण मेरिटमध्ये मागे राहिलो. तिकडे माणसे कमी आहेत तर आपल्याकडच्या मुलांना न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात घेतात का? गावात एक जण ‘परदेशी सैन्यात लावून देतो’ म्हणून पैसे मागत आहे. — एक तरुण, घनसावंगी

उत्तर : त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. न्यूझीलंडच्या सैन्यात जाण्यासाठी त्या देशाचे नागरिक किंवा कायम निवासी असावे लागते, आणि सुरक्षा तपासणी कित्येक वर्षे मागे जाऊन होते. भारतात राहून अर्ज करून तिथे नेमणूक होत नाही. ऑस्ट्रेलियाने माणसे कमी पडतात म्हणून जुलै २०२४ पासून न्यूझीलंडच्या आणि जानेवारी २०२५ पासून ब्रिटन, अमेरिका व कॅनडाच्या नागरिकांना दार उघडले, तेही ते आधीच ऑस्ट्रेलियात कायम निवासी म्हणून किमान एक वर्ष राहिलेले असतील तरच. या यादीत भारत नाही. (न्यूझीलंडच्या दृष्टीने ही बातमी चांगली नव्हती, कारण जास्त पगार देणारा शेजारी आता त्यांच्याच माणसांना गणवेशासह बोलावू लागला.)

रशियात ‘मदतनीसाची नोकरी’ म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना युद्धाच्या आघाडीवर उभे केल्याची प्रकरणे तुम्ही ऐकली असतील. दलालांविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२४ मध्ये गुन्हे नोंदवले. त्यातील काही मुले परत आलीच नाहीत. तुमची जिद्द मोलाची आहे, म्हणूनच ती अशा माणसाच्या हाती देऊ नये असे कळकळीने सांगतो. वय अजून बसत असेल तर सैन्यातील तांत्रिक पदे, नौदल आणि वायुदल यांच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात, त्या पाहा. घरात दहावीला असलेला धाकटा भाऊ असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून चालणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. एनडीएच्या तयारीसाठी तिथे परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो आणि त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही.

प्रश्न : माणसे मिळत नसतील तर सरळ सक्तीची भरती का करत नाहीत? — एक व्यापारी, परभणी

उत्तर : काही छोटे देश करतात. सिंगापूरमध्ये तरुणांना दोन वर्षे सेवा करावी लागते आणि पुढेही काही वर्षे दरवर्षी सरावाला यावे लागते. डेन्मार्कने जुलै २०२५ पासून अठरा वर्षांच्या मुलींनाही चिठ्ठी काढण्याच्या पद्धतीत आणले आणि सेवेचा काळ अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्याचे ठरवले. न्यूझीलंडने मात्र १९७२ मध्ये सक्ती बंद केली. सक्तीने राखीव फौज मोठी होते, सीमेवर शेजारी उभा असलेल्या देशाला ती उपयोगी पडते. ज्या देशाला दूर समुद्रात जहाज आणि विमान पाठवायचे आहे, त्याला अकरा महिन्यांपुरता आलेला मुलगा इंजिनरूममध्ये फार कामाचा नाही. शिवाय त्याला शिकवायला पुन्हा त्याच मधल्या फळीतील माणसे काढावी लागतात.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांनी चौघांतील एकालाच ठेवणार. आपण मधल्या फळीविषयी लिहिले, तर मग आपल्याकडे ही फळी कशी तयार होणार? आणि मुलाला आत्ता काय सांगावे? — एक शेतकरी, सेनगाव

उत्तर : आपला पहिला प्रश्न अनेक निवृत्त अधिकाऱ्यांनीही उपस्थित केलेला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या ‘अग्निपथ’ योजनेत चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे, आणि त्यांना पुढे किमान पंधरा वर्षे सेवा करावी लागते. म्हणजे मधली फळी त्या चौघांतील एकातून तयार होईल. ज्या कामात शारीरिक जोम आणि तरुण वय महत्त्वाचे, तिथे याचा फायदा होऊ शकतो. रडार, विमानाची देखभाल, जहाजाची यंत्रे अशा कामांत मात्र माणूस उपयोगी पडायलाच तीन-चार वर्षे जातात, आणि तो हाताशी येतो न येतो तोच त्याला निरोप द्यावा लागणे परवडणारे नाही. तांत्रिक शाखांत ठेवून घेण्याचे प्रमाण वाढवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या सैन्याच्या प्रचंड आकारामुळे अशी उणीव लगेच उघडी पडत नाही. न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्ये ती दोन-तीन वर्षांत दिसली, आपल्याकडे दिसायला कदाचित दहा वर्षे लागतील, आणि तेव्हा ती भरून काढायला आणखी पंधरा.

मुलाला सांगण्यासारख्या गोष्टी अधिक साध्या आहेत. कायम सेवेसाठीची निवड चार वर्षांतील कामगिरीवर होते, शेवटच्या महिन्यातील धडपडीवर नाही, म्हणून प्रत्येक चाचणी, प्रत्येक अभ्यासक्रम आणि शारीरिक परीक्षेची नोंद त्याने पहिल्या वर्षापासून गांभीर्याने घ्यावी. तांत्रिक काम शिकण्याची संधी आली तर ती मागून घ्यावी. सेवानिधी म्हणून चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हाती येतात, त्यात निम्मा भाग त्याच्याच पगारातून दरमहा कापलेला असतो आणि त्यावर प्राप्तिकर लागत नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मात्र नाही, हे घरातल्या सर्वांना आधीच माहीत असावे. ही रक्कम येण्यापूर्वीच तिच्यावर ट्रॅक्टर किंवा लग्न ठरवून ठेवू नये. ज्या कामात त्याने प्रशिक्षण घेतले त्याचे कौशल्य प्रमाणपत्र सेवा संपताना मिळते, ते मागून घ्यावे आणि त्यावर कामाचे नाव नीट लिहिलेले आहे की नाही ते तिथेच तपासावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आणि वयाची सवलत जाहीर झालेली आहे, तेव्हा त्या भरतीच्या जाहिरातींवर त्याने सेवेच्या चौथ्या वर्षापासूनच लक्ष ठेवावे.